साहेबानं डूख धरला तर?

ऑफिसातल्या गडबडीविरुद्ध तोंड उघडलं की पुढं काय होतं, हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. 'तक्रार केली अन् बदली झाली' एवढं म्हटलं की पुरे, पुढचं सांगावं लागत नाही. पण हेच युनिसेफ, डब्ल्यूएचओ किंवा संयुक्त राष्ट्रांच्या एखाद्या मोहिमेत घडलं तर? तिथं दाद कुणाकडं मागायची?

'आपल्याला काय करायचंय त्याचं?' असं वाटेल. पण भूम तालुक्यातल्या ईटपासून या संस्था वाटतात तितक्या लांब नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांचं पुनर्वसन झालं, त्याला जागतिक बँकेचं कर्ज होतं. आज आपल्याच जिल्ह्यात तुळजापूरला 'टिस'चा कॅम्पस आहे. समाजकार्य, ग्रामीण विकास शिकणाऱ्या कितीतरी जणांच्या डोळ्यांपुढं यूएनमधली इंटर्नशिप किंवा नोकरी असते. सही करण्याआधी तिथले नियम माहीत असलेले बरे.

पहिला नियम धक्का देणारा आहे. संयुक्त राष्ट्रांना भारतातल्या कोर्टाच्या कारवाईपासून संरक्षण आहे. त्यासाठी आपल्याकडं १९४७ चा कायदाच आहे. कुठल्या एका देशाच्या सरकारनं या संस्थेवर दबाव आणू नये, हा त्यामागचा हेतू. पण त्यामुळं तिथल्या कर्मचाऱ्याला नोकरीच्या वादासाठी मुंबई हायकोर्टाचं किंवा औरंगाबाद खंडपीठाचं दार वाजवता येत नाही. मग संस्थेनं स्वतःचंच कोर्ट उभं केलंय. १ जुलै २००९ पासून न्यूयॉर्क, जिनिव्हा आणि नैरोबी इथं डिस्प्युट ट्रायब्युनल चालतं, त्यावर अपील ट्रायब्युनल. डब्ल्यूएचओचे वाद मात्र आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या जिनिव्हातल्या ट्रायब्युनलकडं जातात. जागतिक बँकेचं ट्रायब्युनल आणखी वेगळं.

म्हणजे कोर्ट आहे. पण ते नेमकं काय तपासू शकतं? हा प्रश्न जेम्स वॉसरस्ट्रॉम यांच्या केसमध्ये आला. हे अमेरिकन अधिकारी कोसोव्होतल्या यूएन मोहिमेत होते. २००७ मध्ये त्यांनी तिथल्या प्रस्तावित वीज प्रकल्पाच्या व्यवहारात लाचखोरी होत असल्याचा संशय वरिष्ठ यंत्रणेला कळवला. त्यानंतर त्यांचं ऑफिस बंद झालं, यूएन पोलिसांनी त्यांना अडवून ठेवलं, घराची झडती घेतली, आणि 'याला आत सोडू नका' म्हणून त्यांचा फोटो गेटवर लागला. त्यांनी संस्थेच्या एथिक्स ऑफिसकडं दाद मागितली. चौकशीअंती उत्तर आलं, की हा सूड नव्हे.

ते ट्रायब्युनलमध्ये गेले. २०१२ मध्ये जिंकले. २०१३ मध्ये खर्चासह ६५ हजार डॉलर मंजूर झाले. आणि २०१४ मध्ये अपील ट्रायब्युनलनं मूळ निकालच फिरवला. कारण असं, की एथिक्स ऑफिस फक्त शिफारस करतं. तो प्रशासनाचा 'निर्णय' नाही, म्हणून त्याचा न्यायालयीन फेरविचार होत नाही. नंतर २०१७ च्या धोरणात हीच गोष्ट लिहून टाकली गेली.

इथंच खरी गोम आहे. एथिक्स ऑफिसला प्राथमिक तपासणीसाठी ३० दिवस दिलेत. तथ्य दिसलं तर चौकशीला आणखी १२० दिवस. पण बदली झाली, कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही, तर तो प्रशासनाचा निर्णय असतो, आणि त्याविरुद्ध प्रशासनाकडंच फेरविचार मागायची मुदत फक्त ६० दिवस. त्यानंतर ९० दिवसांत ट्रायब्युनल. एथिक्स ऑफिसचं उत्तर येऊ दे मग बघू, म्हणून थांबलात तर मुदत हातची जाते. दोन्ही अर्ज एकाच वेळी सुरू ठेवावे लागतात.

तुलनेसाठी आपल्याकडची केस बघा. एका सरकारी बँकेच्या महिला अधिकाऱ्यानं इंदूरच्या शाखेतल्या गैरव्यवहाराबद्दल लिहिलं, वरिष्ठांविरुद्ध लैंगिक छळाची तक्रारही केली. डिसेंबर २०१७ मध्ये तिची बदली जबलपूर जिल्ह्यातल्या लहान शाखेत झाली. हायकोर्टानं ती रद्द केली. २५ फेब्रुवारी २०२० रोजी सुप्रीम कोर्टात न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. अजय रस्तोगी यांनीही तिच्याच बाजूनं निकाल दिला आणि बँकेला ५० हजार रुपये खर्च द्यायला लावला. बदली हा नोकरीचाच भाग असतो, पण ती शिक्षा म्हणून वापरता येणार नाही, हा त्याचा अर्थ. इथं कोर्टानं कुणाच्या शिफारशीत न अडकता थेट बदलीच्याच आदेशाकडं बघितलं.

यूएनच्या धोरणात एक गोष्ट मात्र चांगली आहे. तक्रार केली म्हणून त्रास झाला असावा, असं कर्मचाऱ्यानं सकृद्दर्शनी दाखवलं, की पुढं सिद्ध करायची जबाबदारी संस्थेवर येते. 'तक्रार नसती तरी आम्ही हेच केलं असतं' हे संस्थेला भक्कम पुराव्यानं दाखवावं लागतं.

आता तुमच्या कामाचं. इंटर्न, यूएन व्हॉलंटियर आणि कन्सल्टंट यांनाही एथिक्स ऑफिसकडं सहा महिन्यांच्या आत तक्रार करता येते. पण ट्रायब्युनलचं दार फक्त कर्मचाऱ्यांसाठी उघडं आहे. कन्सल्टंटला लवादाकडं जावं लागतं. आणि आपल्यातली बहुतेक पोरं सुरुवात करतात ती नेमकी इंटर्न, व्हॉलंटियर किंवा कन्सल्टंट म्हणूनच!

म्हणून ऑफर लेटर हातात आलं की पगाराच्या आकड्याआधी दोन ओळी शोधा. आपण 'कर्मचारी' आहोत का, आणि वाद झाला तर तो कुणापुढं जाणार? उद्या काही चुकीचं दिसलंच, तर फोनवर बोलून सोडू नका. मेल करा, तारीख टिपून ठेवा, उत्तराची प्रत आपल्याजवळ ठेवा. साहेबानं डूख धरला हे तोंडी सांगून कुठलंच ट्रायब्युनल ऐकत नाही. आधी तक्रार आणि मग बदली, हा क्रम तारखांनीच दाखवावा लागतो.