झेंड्याला वंदन, मनाला मुभा

१९२३ सालच्या उन्हाळ्यात नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये झेंडा घेऊन चालणं हा गुन्हा होता. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांचा तो भाग. १३ एप्रिलला, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, काँग्रेसचे स्वयंसेवक चरख्याचा झेंडा घेऊन तिकडे निघाले, तेव्हा पोलिसांनी मिरवणूक अडवून काठ्या चालवल्या. १ मेपासून सत्याग्रह सुरू झाला. एक तुकडी निघायची, हद्दीवर अडवली जायची, तुरुंगात जायची. मग पुढची तुकडी. हळूहळू इतर प्रांतांतून स्वयंसेवक येऊ लागले आणि पकडलेल्यांची संख्या हजारावर गेली. सुभद्राकुमारी चौहान याच सत्याग्रहात पकडल्या गेल्या. चळवळीचे सूत्रधार जमनालाल बजाज यांना दीड वर्षाची सजा आणि तीन हजारांचा दंड झाला. दंड भरायला त्यांनी नकार दिला, म्हणून सरकारनं त्यांची मोटार जप्त केली. तिचा लिलाव पुकारला तर नागपुरात बोली लावायला कुणी पुढे येईना. अखेर ती काठेवाडात नेऊन विकावी लागली. बजाज तुरुंगात गेल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रं हाती घेतली आणि १८ ऑगस्टला झेंड्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून निघाली. या वेळी पोलिसांनी ती अडवली नाही.

लिलावाची ती हकिगत मला तुरुंगवासांच्या आकड्यांपेक्षा मोठी वाटते. बोली लावू नका, असा कुणाचा हुकूम नव्हता. बोली लावली असती तर कुणाला शिक्षाही झाली नसती. तरीही माणसं गप्प उभी राहिली. झेंड्याचा मान राखणं म्हणजे काय, याचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

सोलापूरनं याच्याही पुढची पायरी गाठली. १९३० च्या एप्रिलमध्ये तिथल्या नगरपालिकेनं आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज चढवला. मे महिन्यात शहरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि लष्करानं झेंडा उतरवला. हाती झेंडा सापडला की सक्तमजुरी, असे ते दिवस होते. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिली गेली. सुमारे बारा वर्षांनी, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, नंदुरबारच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. त्यात झेंडा हाती घेतलेला शिरीषकुमार मेहता पडला. सोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा. शिरीषकुमारला सोळावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं.

मराठवाड्यात तर स्वातंत्र्य आल्यावरही झेंडा बंदच होता. १५ ऑगस्ट १९४७ रोजी हैदराबादेत तिरंगा फडकावल्याबद्दल स्वामी रामानंद तीर्थांना निजामाच्या पोलिसांनी पकडलं. मराठवाड्याला उघडपणे तिरंगा लावता यायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. गोव्याच्या सरहद्दीवर पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ रोजी नि:शस्त्र सत्याग्रही झेंडे घेऊन आत शिरू लागले, तेव्हा पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. मध्य प्रदेशच्या सहोद्राबाई राय यांना झेंडा हाती असतानाच गोळी लागली. त्या दिवशी गोव्याच्या सीमेवर वीसहून अधिक माणसं मेली.

एवढं सगळं झालं ते झेंड्यावर बंदी होती म्हणून. आज बंदी उठून पाऊणशे वर्षं झाली आहेत, आणि या काळात प्रश्नाची दिशाच उलटली आहे. तेव्हा झेंडा का लावला, म्हणून जाब विचारला जायचा. आता का लावला नाही, म्हणून विचारला जातो. जाब विचारणारा बदलला, सरकार बदललं, पण जाब विचारण्याची हौस तशीच आहे.

वाद मात्र आजचा नाही. ज्यांनी झेंडा घडवला, त्यांचंच त्यावर एकमत नव्हतं. कराची काँग्रेसनंतर, १९३१ मध्ये, सात जणांची ध्वज समिती नेमली गेली. तिच्यात पटेल, नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभी सीतारामय्या यांच्याबरोबर साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर आणि हिंदुस्थानी सेवा दलाचे डॉ. ना. सु. हर्डीकर होते. रंगांचे अर्थ धर्मांशी जोडले जात होते, शिखांना आपला रंग हवा होता. समितीनं तोड सुचवली ती अशी: संपूर्ण झेंडा एकाच केशरी रंगाचा, कोपऱ्यात चरखा. ऑगस्टमध्ये मुंबईला भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीनं ही शिफारस फेटाळली आणि केशरी, पांढरा, हिरवा असा तिरंगा पत्करला. रंगांना कोणत्याही जातिधर्माचा अर्थ नाही, असं ठरावातच नोंदवलं. आझाद आणि तारासिंग यांनी मिळून एकरंगी केशरी झेंड्याची शिफारस करावी, आणि ती काँग्रेसनंच नाकारावी! आजच्या रंगांच्या भांडणात हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

१९४७ च्या जून-जुलैत पुन्हा समिती बसली. अध्यक्ष राजेंद्रप्रसाद, सदस्यांत आझाद, सरोजिनी नायडू, राजगोपालाचारी, मुन्शी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर. चरख्याच्या जागी अशोकचक्र आलं आणि २२ जुलैला घटना समितीनं नेहरूंचा ठराव मंजूर केला. गांधीजी नाराज झाले. चरखा नसेल तर त्या झेंड्याला मी सलाम करणार नाही, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. पुढे चक्रातच चरखा पाहता येईल, या समजुतीवर त्यांनी तो मान्य केला. मधल्या त्या काही दिवसांत गांधीजी देशद्रोही ठरले नाहीत.

इतरांनीही आपापली नाराजी लपवली नाही. 'ऑर्गनायझर' या साप्ताहिकानं १४ ऑगस्ट १९४७ च्या अंकात तीन रंगांवर उघड नापसंती व्यक्त केली. १६ ऑगस्टला अण्णा भाऊ साठे यांनी मुंबईत मोर्चा काढून हे स्वातंत्र्य खोटं आहे, जनता अजून उपाशी आहे, अशी घोषणा दिली. नागपूरच्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या मुख्यालयावर २००२ च्या प्रजासत्ताकदिनी तिरंगा फडकला, त्याआधीची सुमारे पाच दशकं तो तिथे फडकत नव्हता. खासगी जागी झेंडा लावण्यावर निर्बंध होते, असं संघाच्या बाजूनं सांगितलं जातं. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला तर कुणालाही मुभा होती, असं विरोधक म्हणतात, आणि या मुद्द्यावर नियम विरोधकांच्या बाजूचे आहेत. दुसऱ्या टोकाला मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षानं आपल्या सर्व कार्यालयांवर स्वातंत्र्यदिनी तिरंगा लावायचं ठरवलं ते २०२१ मध्ये. २६ जानेवारी २००१ रोजी तीन तरुणांनी नागपुरात संघाच्या रेशीमबागेतल्या स्मृती भवनात शिरून तिरंगा लावला. त्यांच्यावर खटला झाला, तो बारा वर्षं चालला आणि २०१३ मध्ये ते निर्दोष सुटले. ज्या गावात झेंडा नेऊ दिला नाही म्हणून हजार माणसं तुरुंगात गेली, त्याच गावात स्वतंत्र भारतात झेंडा लावल्याचा खटला उभा राहावा, याचं दु:ख वाटतं. पण ज्यांना तिरंगा उशिरा आपला वाटला, त्यांना आज जुन्या तारखा दाखवून हिणवावं, असं मला वाटत नाही. माणसं आणि संघटना झेंड्यापर्यंत आपापल्या वाटेनं येतात. मात्र जे स्वतः उशिरा आले, त्यांनी इतरांना रांगेत उभं करून तपासू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.

या बाबतीत आपला कायदा आपल्यापेक्षा उदार आहे. राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखणारा १९७१ चा कायदा झेंडा लोकांदेखत जाळणं, फाडणं, तुडवणं यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद सांगतो. पण त्याच कलमाच्या पहिल्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे की, कायदेशीर मार्गानं बदल घडवून आणण्याच्या हेतूनं राज्यघटनेवर किंवा राष्ट्रध्वजावर केलेली टीका हा गुन्हा नाही. झेंडा मला आवडत नाही, तो बदलावा, असं भारतात कुणीही म्हणू शकतो. गांधीजींनी घेतली ती मोकळीक कायद्यानं सगळ्यांसाठी लिहून ठेवली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर देशभक्तीच्या परीक्षा घेणाऱ्यांपैकी किती जणांनी हे स्पष्टीकरण वाचलं असेल?

झेंडा जाळण्याचीच गोष्ट घ्या. २००२ ची ध्वजसंहिता सांगते की, फाटलेला, मळलेला झेंडा कुठेही टाकू नये. तो संपूर्ण नष्ट करावा, एकांतात, आणि शक्यतो जाळून. म्हणजे जाळणं हा झेंड्याचा सर्वांत मोठा अपमान आहे आणि तोच त्याचा सन्मानाचा अखेरचा संस्कारही आहे. ज्वाळा दोन्हीकडे सारख्याच. फरक जाळणाऱ्याच्या मनात आणि बघणाऱ्यांच्या गर्दीत. शहीद जवानाच्या पार्थिवावरचा तिरंगा मात्र चितेवर जाऊ द्यायचा नसतो. तो आधी उचलून, घडी घालून घरच्यांच्या हाती देतात. घडीची रीतही ठरलेली आहे: झेंडा आडवा धरायचा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, मग दोन्ही बाजूंनी मधे आणायचा, की वर फक्त चक्र आणि दोन्ही रंगांच्या कडा दिसतात. तळहातांवर पेलून तो न्यायचा. सातारा-कोल्हापूरच्या गावांत ती घडी हातात घेतलेल्या आया लोकांनी पाहिल्या आहेत. झेंड्याचा मान म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला जाऊ नये.

अमेरिकेनं या पेचातून वेगळी वाट काढली. १९८४ मध्ये डॅलसला निदर्शनात झेंडा जाळणाऱ्याची शिक्षा तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमतानं रद्द केली. झेंडा जाळणं हीसुद्धा अभिव्यक्तीच, असा त्याचा आशय. आपण तिथवर गेलो नाही आणि जावंच, असा माझा आग्रह नाही. नंदुरबारच्या रस्त्यावर ज्यासाठी पोरं पडली, ती वस्तू चौकात पेटवण्याची मुभा मागताना माझी जीभ अडखळते. पण न वाकणाऱ्या माणसाला वाकवण्याबाबत आपलं न्यायालय अमेरिकेच्या बरोबरीनं उभं राहिलं आहे.

ही गोष्ट केरळची. जुलै १९८५ मध्ये एका शाळेनं तीन भावंडांना काढून टाकलं. ती 'जेहोवाज विटनेसेस' या पंथाची. प्रार्थनेच्या वेळी जन गण मन सुरू झालं की ती आदरानं उभी राहत, पण गात नसत. देवाखेरीज कुणाची स्तुती गाणं त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हतं. वर्षानुवर्षं हे चाललं होतं, कुणाची तक्रार नव्हती. मग एका आमदाराच्या कानावर गेलं, विधानसभेत प्रश्न आला, चौकशी झाली. मुलं सरळमार्गी आहेत, त्यांनी कधीही अनादर केलेला नाही, असा अहवाल आला. तरीही त्यांची नावं कमी झाली आणि उच्च न्यायालयानंही दाद दिली नाही. ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्या. चिनप्पा रेड्डी आणि न्या. एम. एम. दत्त यांनी 'बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य' या खटल्यात मुलांना शाळेत परत घ्यायला सांगितलं. उभं राहणं हा आदर आहे. न गाणं हा अनादर नाही. निकालात आधार घेतला गेला तो १९४३ च्या अमेरिकी निकालाचा. त्यातली मुलं याच पंथाची होती, आणि झेंड्याला सक्तीनं सलाम करायला लावणं तिथे घटनाबाह्य ठरलं होतं. महायुद्ध ऐन भरात, मुलांचे बाप-भाऊ आघाडीवर, अशा वेळी ते न्यायाधीश हे लिहू शकले.

पुढे आपल्याकडे चित्रपटगृहांत राष्ट्रगीत लावण्याची सक्ती सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०१६ च्या आदेशानं आली आणि जानेवारी २०१८ मध्ये त्याच न्यायालयानं ती ऐच्छिक केली. महाराष्ट्रात ही प्रथा २००३ पासूनचीच. मी उभा राहतो, मनापासून राहतो. शेजारचा राहिला नाही, म्हणून त्याच्या कॉलरला हात घालणाऱ्यानं मात्र राष्ट्रगीताचा जास्त अपमान केलेला असतो.

झेंडा लावण्याच्या मुभेची बाजू न्यायालयात जिंकली ती नवीन जिंदल यांच्या खटल्यात. रायगडच्या (छत्तीसगडमधल्या) कारखान्यावर रोज झेंडा लावायला त्यांना अधिकाऱ्यांनी मनाई केली होती. २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, सन्मानानं झेंडा फडकावणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. झेंडा सरकारी इमारतीवरून नागरिकाच्या दारात आला. २०२२ च्या 'हर घर तिरंगा' मोहिमेची वाट तिथूनच निघते. मोहिमेला माझा विरोध नाही. चाळींच्या गॅलऱ्यांत तिरंगे पाहून ऊर भरून आला. खंत वेगळी आहे.

भारतीय मानक ब्यूरोच्या मानकांत पहिल्या क्रमांकाचं मानक राष्ट्रध्वजाचं आहे: आयएस १, साल १९५१. त्यात झेंड्याची नऊ मापं आहेत, ६३०० बाय ४२०० मिलिमीटरपासून १५० बाय १०० मिलिमीटरपर्यंत. खादीचं वजन, विणीतले धागे, रंगांचा पक्केपणा, दोन्ही बाजूंनी सारखं दिसणारं चोवीस आऱ्यांचं चक्र, सगळं ठरलेलं. कापड चौरस मीटरला २०५ ग्रॅम भरलं पाहिजे. हुबळीच्या बेंगेरीत हे काम होतं, बहुतेक बायकाच करतात; आणि आपल्या नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत होतं. उदगीरला सूत आणि वीण, नांदेडला शिलाई. ही समिती रामानंद तीर्थांच्या प्रेरणेतली. ज्यांनी निजामाच्या राज्यात झेंड्यासाठी तुरुंग सोसला, त्यांच्याच माणसांनी तो झेंडा विणण्याचं काम उभं केलं.

३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहिता बदलली. हातानं कातलेल्या-विणलेल्याची अट गेली, यंत्रावरचा आणि पॉलिएस्टरचा झेंडाही चालेल, असं झालं. पुढच्या वर्षी त्यालाही जीएसटीची माफी मिळाली. घरोघरी झेंडा पोहोचवायचा तर खादी पुरणार नाही, हे खरं. पण सोळा ऑगस्टला नाल्यात आणि कचराकुंडीत दिसतात ते हेच स्वस्त झेंडे. हुबळीच्या खादी संघानं बदलाविरुद्ध आवाज उठवला, दुरुस्ती मागे घ्या म्हणाला. निदान मंत्रालय, जिल्हाधिकारी कार्यालयं, शाळा आणि ग्रामपंचायती यांच्यावर तरी हातानं विणलेलाच झेंडा लागावा, एवढं महाराष्ट्र सरकारला खरेदीच्या एका परिपत्रकानं आजही ठरवता येईल. नांदेडचे कारागीर त्यासाठी लागतील तेवढी मापं शिवून देतील.