भर दुपारची भीती

फिनिक्स, ॲरिझोना. शुक्रवार, ११ डिसेंबर. दुपारचे २ वाजून ४३ मिनिटं. आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘सायको’ (१९६०) चित्रपटात पडद्यावर ही अक्षरं एकेक करून उमटतात. थरारपट, आणि सुरुवात लख्ख उन्हात! वेळ मिनिटासकट कशाला सांगितली असेल? पंचनाम्यातल्यासारखी ती नोंद वाचताक्षणी मन सावध होतं.

मग कॅमेरा शहरावरून फिरत येतो, शेकडो खिडक्यांतली एक हेरतो आणि अर्धवट ओढलेल्या पडद्याखालच्या फटीतून थेट आत घुसतो. आत मॅरियन आणि तिचा प्रियकर सॅम, जेवणाच्या सुट्टीत चोरून भेटलेले. आपण परक्याच्या खोलीत डोकावतोय हे कळतं, तरी नजर हटत नाही. पुढे याच चित्रपटात मोटेल चालवणारा नॉर्मन भिंतीतल्या भोकाला डोळा लावतो. तेव्हा त्याला नावं ठेवायची सोय उरत नाही, कारण आपणही तेच करून बसलेलो असतो.

याआधी कान तयार झालेले असतात. सोल बासच्या श्रेयनामावलीत राखाडी पट्ट्या सपासप सरकतात, नावं चिरतात, पुन्हा सांधतात. सोबत बर्नार्ड हरमनचं संगीत. ढोल नाही, तुतारी नाही, अख्ख्या चित्रपटाला फक्त तंतुवाद्यं! एरवी प्रेमगीताला लागणारी व्हायोलिनं इथे पाठीमागे लागल्यासारखी धावतात.

पण मला सगळ्यात थक्क करतो तो मॅरियनच्या घरातला प्रसंग. मालकाने बँकेत भरायला दिलेले ४० हजार डॉलर ती घरी घेऊन आली आहे. ती कपडे बदलते, बॅग भरते. एक शब्द बोलत नाही. कॅमेरा हलकेच खाली येतो आणि पलंगावरच्या पाकिटावर थबकतो. ती त्याच्याकडे बघते, आवराआवर करते, पुन्हा बघते. सॅमला भेटली त्या हॉटेलच्या खोलीत तिची अंतर्वस्त्रं पांढरी होती, इथे काळी आहेत. तिचा निर्णय तिच्या आधी आपल्याला कळतो, आणि ‘नको गं, ठेव ते’ म्हणता म्हणता ‘उचल लवकर, कुणी येईल’ असंही आतून वाटून जातं. तिच्या मागे न्हाणीघराचं दार उघडं आहे आणि शॉवर दिसतो आहे. पहिल्यांदा बघताना तिकडे कुणाचं लक्ष जाईल?

गाडी घेऊन ती निघते. सिग्नलला थांबते, तर समोरून रस्ता ओलांडणारा मालक! तो ओळखीचं हसतो, दोन पावलं पुढे जातो, थांबतो, वळून बघतो. हरमनची व्हायोलिनं पुन्हा सुरू होतात आणि आपल्या छातीत धस्स होतं.

इथवर कुणी सुरी उचललेली नाही, रक्ताचा थेंब नाही. पहिला वार होतो तो चित्रपट सुरू झाल्यावर जवळजवळ पाऊण तासाने.