नळाचे गळके सांधे व त्यांची घरगुती दुरुस्ती

उन्हाळ्यांत विहिरीचा तळ दिसूं लागला म्हणजे शेतकरी पाटाचें पाणी थेंब न् थेंब जपतो. परंतु घरच्या टाकीखालीं रात्रंदिवस ठिबकणाऱ्या सांध्याकडे त्याचें लक्ष क्वचितच जातें. अशा सांध्याखालीं तासभर भांडें ठेवून पाहावें. त्यांत अर्धा लिटर पाणी सांठलें, तर दिवसास १२ व वर्षास ४,३८० लिटर पाणी वायां जातें.

गळती दिसतांच पाना घेऊन सांधा आणखी आवळावयाचा, ही आपली नेहमींची रीत. प्रस्तुत लेखकानें गेल्या वैशाखांत गोठ्यांतील लोखंडी नळावरचा प्लास्टिकचा एल्बो असाच हट्टानें आवळला. गळती थांबली नाहींच. उलट रात्रीं एल्बो उभा चिरला व पहाटेपर्यंत टाकी रिकामी झाली. त्या दिवशीं गुरांचें पाणी शेजाऱ्याच्या विहिरीवरून वाहून आणावें लागलें.

असें कां व्हावें? लोखंडी नळाच्या टोंकावरील आटे निमुळते असतात. १६ इंच लांबीस व्यास १ इंचानें कमी व्हावा, असा त्यांचा उतार असतो. त्यामुळें नळ पाचरीसारखा आंत घट्ट बसतो. तरीही दोहोंकडील आट्यांमध्यें मळसूत्रासारखी बारीक फट राहतेच, व ती बुजविण्यासाठींच सूत किंवा टेफ्लॉन टेप असते. हें भरण एकदां फाटलें कीं कितीही आवळलें तरी फट बुजत नाहीं. पाचर मात्र बाहेरच्या तुकड्यास फाडते. म्हणून सांधा उघडून भरण नवें घालणें हाच खरा उपाय होय.

प्रथम पाणी बंद करून नळ रिता करावा. एका पान्यानें नळ धरावा व दुसऱ्यानें तुकडा फिरवावा; नाहीं तर पुढचा चांगला सांधा ढिला होतो. आटे तारेच्या ब्रशानें घांसावे. गंजून आटे खचले असतील, तर तो तुकडाच बदलावा. नंतर नळाचें टोंक आपल्याकडे धरून टेप घड्याळाच्या कांट्यांच्या दिशेनें ताणून चार-पांच वेढे गुंडाळावी. उलट गुंडाळल्यास आवळतांना ती गोळा होऊन बाहेर येते. अगदीं टोंकाचा आटा उघडा ठेवावा, म्हणजे तिचे तुकडे आंत जाऊन तोटींत अडकत नाहींत. सांधा आवळल्यावर तोटी सरळ करण्यासाठीं मागें फिरवूं नये, भरण तुटतें. प्लास्टिकचा तुकडा हातानें घट्ट बसल्यावर पान्यानें एक-दोन फेरेच द्यावे. जुने कारागीर सुतावर सफेदा फांसीत. परंतु शिशाचा सफेदा विषारी आहे, तो पिण्याच्या पाण्याच्या नळास कदापि लावूं नये.

युनियन गळत असेल, तर टेपेचा उपयोग नाहीं. तेथें पाणी आट्यांनीं अडत नसून समोरासमोर बसणाऱ्या तोंडांनीं किंवा मधल्या वायसरनें अडतें. तोंडें पुसावीं, वायसर बदलावा.

एक गळती मात्र डोळ्यांस दिसत नाहीं. विहिरीवरील पंपाच्या ओढनळाचा सांधा सैल झाल्यास पाणी बाहेर येत नाहीं, हवा आंत शिरते. पंप चालतो, पण पाणी तुटक येतें. पंप चालू असतां प्रत्येक सांध्याजवळ पेटती उदबत्ती धरावी. ज्या ठिकाणीं धूर आंत ओढला जाईल, तो सांधा उघडावा.