घाटाखाली लाकूड, घाटावर खवा

परतवाडा मागं पडून गाडी घाट चढायला लागली की ऊन पातळ होतं आणि दोन्ही बाजूंना साग सुरू होतो. पावसाळ्यात ताटाएवढी खरखरीत पानं नि शेंड्याला पांढुरका मोहर, मार्चात मात्र नुसते उभे खराटे. आमच्या पिढीच्या वऱ्हाडी माणसाला या झाडाकडे नुसतं झाड म्हणून पाहताच येत नाही. घराला चौकट बसवायची असो की मुलीच्या लग्नात पलंग-कपाट द्यायचं असो, घरातलं जाणतं माणूस परतवाड्याला जाऊन यायचं. चिखलदरा सहलीचा, परतवाडा सागवानाचा, अशी वाटणीच होती. जंगल एकच, मेळघाटाचं; त्यावर जगणारी गावं दोन.

या वाटणीला दीडशे वर्षं होऊन गेली. आर्थर वेलस्लीनं १८०३च्या डिसेंबरात गाविलगड घेतला, त्याच्याच शेजारचं हे चिखलदऱ्याचं पठार १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सनच्या नजरेत भरलं. समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंची आणि वैशाखातही अंगावर पांघरूण लागेल अशी रात्र; साहेबाला आणखी काय हवं होतं! पुढं १८५३ला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, १८६७ला मुंबईची आगगाडी नागपूरला पोचली आणि लाकडाला सरकारी भाव आला. १८६०च्या दशकातच मेळघाटचं जंगल राखीव होऊ लागलं. राखीव म्हणजे सरकारसाठी राखलेलं. त्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा कोरकू आदिवासी रातोरात परवानगीनं राहणारा ठरला. तोडीला हात हवेत म्हणून वनखात्यानं वनग्रामं वसवली. सिपना नदीचं नाव सागाच्या कोरकू शब्दावरून आलं असं सांगतात. ज्यांनी ते नाव दिलं, तेच साग तोडायला रोजंदारीवर लागले.

तोडीचं काम पावसाळा सरल्यावर सुरू व्हायचं. जंगलाचे तुकडे पाडलेले, त्यांना कूप म्हणायचं. आळीपाळीनं एकेक कूप तोडीला निघे. झाडाला आधी हातोड्याचा ठसा, मग कुऱ्हाड. ओंडके बैलांनी रस्त्याला आणायचे, तिथून ट्रकनं सेमाडोह-घटांगमार्गे परतवाड्याच्या डेपोत.

हा डेपो मी लहानपणी वडिलांबरोबर पाहिला. लांबी आणि घेर यांप्रमाणे लावलेल्या थप्प्या, प्रत्येक ओंडक्याच्या टोकाला आकडे, आणि ओल्या कातड्यासारखा सागाचा तो वास. वडील कापलेल्या तोंडावर बोट फिरवून बघायचे, मधला तपकिरी गाभा किती, कडेची फिकट कच किती. पैसे गाभ्याचे, कच वाळवीची. मोजणीची रीतही मजेची. ओंडक्याच्या मधल्या घेराचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीनं गुणायचं. भूमितीच्या हिशेबात हे शंभरातलं साडेअठ्ठ्याहत्तरच भरतं. उरलेलं साडेएकवीस कापणीतल्या भुशा-ढलप्यांसाठी सोडलेलं. शाळेत पाय-आर-वर्ग शिकल्यावर मी मोठ्या ऐटीत ही चूक घरी दाखवली. वडील म्हणाले, ‘‘चूक नोय ते, सूट हाय.’’ लिलाव झाला की माल आरागिरण्यांत, तिथून सुतारांकडे. हमाल, गाडीवान, रंधा मारणारे, पॉलिशवाले, सगळ्यांची चूल त्यावर पेटायची.

मेळघाट १९७४च्या फेब्रुवारीत व्याघ्रप्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नवांपैकी एक. १९८७ला गुगामळ राष्ट्रीय उद्यान झालं. तरी खरा घाव बसला तो १४ फेब्रुवारी २००० रोजी. सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय उद्यानं नि अभयारण्यांतून वाळलेलं, पडलेलं झाडसुद्धा उचलायला मनाई केली. जंगलाच्या दृष्टीनं ते चांगलंच झालं, यात मला शंका नाही. पण हिवाळाभर कुपात मिळणारी मजुरी गेली, तिची जागा कशानं भरायची हे कुणी नीट ठरवलं नाही. बोरी, कोहा, कुंड ही गावं उठून अकोट तालुक्यात आली. बाकीच्या गावांतले कोरकू दिवाळीनंतर सपाटीवर कामाला उतरतात आणि होळीला मात्र काही झालं तरी परततात. तेव्हा धारणीच्या रस्त्यावर गाड्या अडवून फगवा मागणाऱ्या पोरी-बाया भेटतात. काही प्रवासी चिडतात. वर्षातून एकदा, तेही नाचून मागितलेले दहा-वीस रुपये. त्यात चिडण्यासारखं काय आहे?

पायथ्याच्या पायविहीरनं वेगळी वाट काढली. वनहक्क कायद्याखाली गावाला सामूहिक हक्क मिळाला, उजाड माळ लोकांनी राखला आणि तिथलं सीताफळ थेट मुंबईपर्यंत नेऊन विकलं. धारणीजवळच्या लवाद्याला सुनील आणि निरुपमा देशपांडे यांच्या संपूर्ण बांबू केंद्रानं कोरकूंच्या हाताला बांबूचं काम दिलं. दोन्हीकडे झाड उभं ठेवून किंवा पुन्हा फुटणारं कापून पोट भरतं.

आणि चिखलदरा? जेमतेम पाच हजार वस्तीचं हे गाव शनिवार-रविवारी फुगतं. कॉफी होते, हल्ली स्ट्रॉबेरीही. पण गावाची खरी ओळख खवा आणि रबडी. यामागं साधी अडचण आहे. गवळ्यांच्या म्हशी जंगलातल्या पाड्यांवर, दूध घाट उतरेपर्यंत टिकेना, म्हणून आटवायचं. पाचेक लिटर म्हशीचं दूध आटून किलोभर खवा होतो. परवा एका दुकानात कढईशी बसलेली बाई उलथणं थांबवत नव्हती. थांबलं की दूध बुडाला लागतं. कड कोरडी झाली, गोळा सुटायला लागला, तशी तिनं कढई उतरवली. ‘‘घ्या न भाऊ, म्हशीच्या दुधाचा हाय, पावडरचा नाई.’’ चुलीत लाकूड आहे की गॅस, हे मी मुद्दाम वाकून पाहिलं. गॅस होता.

उतरताना नाक्यावर गाडी थांबवली. वडिलांच्या काळीही इथंच थांबवायचे, डिकीत चोरीची फळी आहे का बघायला. पोरसवदा वनरक्षकानं डिकी उघडायला लावली.

‘‘प्लास्टिक, दारू काही?’’

‘‘खवा आहे एक किलो.’’

‘‘कुठून घेतला?’’ मी दुकान सांगितलं. ‘‘अर्धा किलो मागितला तरी एकच किलो देते ते मावशी,’’ म्हणत त्यानं दांडा वर केला.