आखातातून परतल्यावर

कृष्णा-पंचगंगेच्या काठावरच्या कुरुंदवाडात मगरिबची अजान झाली, की दस्तरखानावर खजूर आणि फळांची ताटे पुढे सरकतात. याच गावात मशिदींत गणपतीही बसतो. इथे शेजाऱ्यापासून फारसे काही लपत नाही. एक गोष्ट मात्र लपवली जाते. दुबईहून आलेला मुलगा ‘सुट्टीवर आहे’ असे घरचे सांगत राहतात आणि सुट्टी काही संपत नाही.

पगार थांबल्यावर अशा माणसाला काही मिळते का?

संयुक्त अरब अमिरातीत १ जानेवारी २०२३ पासून बेरोजगारी विमा सक्तीचा आहे. मूळ पगार १६ हजार दिरहमपर्यंत असेल, तर हप्ता महिना ५ दिरहम. सलग १२ महिने विमा चालू असताना मालकाने कामावरून काढले, तर मूळ पगाराच्या ६० टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळते. १००० दिरहमवाल्याला महिना ६००. राजीनामा दिला किंवा शिस्तभंगावरून काढले, तर काही नाही. अर्ज ३० दिवसांत करायचा आणि देश सोडला की हक्क संपला. घाईने तिकीट काढणारा इथेच फसतो.

ग्रॅच्युइटी वेगळी. वर्षभर नोकरी झाली असेल, तर पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार. ‘सगळे पैसे मिळाले’ या कागदावर सही करण्याआधी तो हिशेब पाहावा.

आपल्याकडे राज्य कामगार विमा महामंडळाची ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ २०१८ पासून आहे. तिच्यात ९० दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या निम्मी रक्कम मिळते. पण ज्याची वर्गणी इथे भरली गेली त्यालाच. आखातातली वर्षे त्यात धरत नाहीत. म्हणून इचलकरंजी-जयसिंगपूरकडे नवे काम धरताना पगाराबरोबर विमा क्रमांकही विचारून घ्यावा.

कायद्याचा हात जिथे पोचत नाही, तिथे रमजान पोचू शकतो. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतून अडीच टक्के जकात निघते. कुरआनने तिचे आठ प्रकारचे हकदार सांगितले आहेत. त्यांत कर्जात बुडालेलाही आहे. व्हिसासाठी कर्ज काढून गेलेला आणि ते फिटण्याआधीच परतलेला माणूस दुसरा कोण? अडचण इतकीच, की गेल्या वर्षापर्यंत तो स्वतः जकात पाठवत होता. त्याचा हात पुढे येणार नाही. देणाऱ्यानेच गुपचूप त्याच्या दारी जावे.

ईदला त्या घरातून शेजारी शिरखुर्म्याचा डबा येईलच. आलेला डबा रिकामा परत करू नये, अशी आपली जुनी रीत. यंदा साखरेबरोबर एखाद्या कामाचा पत्ताही द्यावा.