गाडी ऑइल खातेय? लगेच इंजिन उघडू नका, आधी हिशेब मांडा

सोलापूर : "गाडी चांगली आहे, फक्त थोडं ऑइल खाते." जुनी गाडी विकत घेताना हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आपल्या जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या जीप, पिकअप आणि छोट्या कार रोज रस्त्यावर असतात. दूध, भाजी, शाळेची पोरं, वडापची सवारी, रात्री-अपरात्री दवाखाना, सगळं याच गाड्यांवर चालतं. गाडी ऑइल खायला लागली की गॅरेजवाला म्हणतो इंजिन उतरवा, शेजारी म्हणतो विकून टाका, आणि उसाचं बिल तर अजून आलेलं नसतं. मग करायचं काय?

आमच्या ओळखीच्या एका घरात घडलेली गोष्ट आधी सांगतो. वडिलांना छातीत दुखायला लागलं म्हणून माढ्याकडून सोलापूरला निघाले. मोहोळ ओलांडलं आणि डॅशबोर्डवर ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागला. "आता थांबायचं नाही, सोलापुरात गेल्यावर ऑइल टाकू," असं म्हणून गाडी दामटली. थोड्या वेळात इंजिनातून टकटक सुरू झाली आणि पुढं गाडी रस्त्यातच जाम झाली. वडील दुसऱ्याच्या गाडीतून दवाखान्यात वेळेत पोहोचले, म्हणून निभावलं. पण क्रँक आणि बेअरिंग गेले. ही गाडी ऑइल खाते हे घरात सगळ्यांना माहीत होतं. शेवटची पातळी कधी बघितली, हे मात्र कुणालाच आठवत नव्हतं.

म्हणजे इंजिन ऑइल खाल्ल्यानं मरत नाही, ऑइल संपल्यानं मरतं.

ऑइल जातं कुठं?

ऑइल कमी होण्याच्या दोन वाटा आहेत : गळती आणि जळणं. आधी गळती तपासा. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा टाकून ठेवा आणि सकाळी डाग बघा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल फिल्टरची बैठक, चेंबरचा नट, क्रँकचं ऑइल सील या नेहमीच्या जागा. यातली पहिली तीन कामं स्वस्तात होतात. क्रँकच्या मागच्या सीलसाठी मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

पुठ्ठा कोरडा आहे आणि तरी ऑइल कमी होतंय, म्हणजे ते जळतंय. पिस्टनवर साधारण तीन रिंगा असतात. वरच्या दोन कॉम्प्रेशन धरतात, खालची सिलिंडरच्या भिंतीवरचं जादा ऑइल खरवडून खाली पाठवते. ही ऑइल रिंग झिजली किंवा काजळीनं चिकटली की ऑइल वर राहतं आणि इंधनाबरोबर जळतं. दुसरी जागा व्हॉल्व्हची. व्हॉल्व्हच्या दांड्यावर रबराचं छोटं सील असतं. उष्णतेनं ते कडक झालं की हेडमधलं ऑइल झिरपून सिलिंडरमध्ये उतरतं. तिसरी जागा ब्रीदर. हा पाइप किंवा त्याचा व्हॉल्व्ह तुंबला की इंजिनातला दाब ऑइलला हवेच्या वाटेनं आत ढकलतो. टर्बो असलेल्या डिझेल गाडीत टर्बोचं सील हे चौथं कारण.

धूर काय सांगतो?

निळसर धूर म्हणजे ऑइल. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर पाणी आत जातंय.

निळा धूर कधी येतो यावर लक्ष ठेवा. सकाळी स्टार्ट करताना भपकन येतो आणि मग थांबतो, तर बहुतेक व्हॉल्व्ह सील. चढावर किंवा लोड घेऊन ॲक्सिलरेटर दाबल्यावर सारखा येतो, तर संशय रिंगांवर. उतारावर पाय काढून पुन्हा दाबल्यावर येतो, तर परत व्हॉल्व्ह सीलच. चालू इंजिनाचं ऑइल टाकायचं झाकण सैल करून बघा. तिथून जोरात फुसफुस धूर येत असेल तर गॅस रिंगांना ओलांडून खाली येतोय. गॅरेजच्या भाषेत, इंजिन बॅक मारतंय. मात्र आधी ब्रीदर साफ करा. तो तुंबलेला असला तरी असंच दिसतं.

पेट्रोल गाडीत आणखी एक तपासणी करायला सांगा. प्लग काढून कॉम्प्रेशन मोजायचं, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चांगला वाढला तर दोष रिंगांचा. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंगकडे बघा. या तपासणीशिवाय 'फुल इंजिन' करायला होकार देऊ नका.

आपल्याकडेच हे जास्त का?

पहिलं कारण धूळ. शेतरस्ते, ऊसतोडीच्या दिवसांतले वाहतुकीचे रस्ते, मुरूम. एअर फिल्टर फाटका असेल किंवा नीट बसलेला नसेल तर बारीक धूळ आत जाते आणि पॉलिश पेपरसारखी रिंगा आणि सिलिंडर घासते.

दुसरं कारण ऊन. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडं पारा चाळिशीच्या पुढं असतो. त्यात रेडिएटरला कुलंटऐवजी बोअरचं क्षारयुक्त पाणी. घरातल्या हंड्याला जसा पांढरा थर बसतो तसाच तो इंजिनातल्या पाण्याच्या वाटांत बसतो. मग इंजिन तापतं, सील कडक होतात, रिंगांचा ताण जातो. एकदा कडक तापलेली गाडी त्यानंतर ऑइल खायला लागली, असं अनेकांच्या बाबतीत घडतं ते यामुळंच.

तिसरं कारण ऑइल बदलण्यात केलेली चालढकल. जुनं ऑइल घट्ट, चिकट होतं आणि ऑइल रिंगची छिद्रं बुजतात.

किती खाल्लं तर चालतं?

थोडं ऑइल प्रत्येक इंजिन जाळतं. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत तर हजार किलोमीटरला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त खपही मर्यादेत धरलेला असतो. त्यामुळं 'खाते' म्हणून भागत नाही, आकडा पाहिजे.

डिपस्टिक वरच्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहा. हजार किलोमीटर होईपर्यंत जेवढं ऑइल टाकाल तेवढं वहीत मांडा. गाडी सपाट जागेवर हवी आणि इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायला हवं. बऱ्याच छोट्या गाड्यांत डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचा फरक असतो.

आता हिशेब. समजा ऑइल लिटरला ४५० रुपये, गाडी वर्षाला १० हजार किलोमीटर चालते आणि हजाराला एक लिटर खाते. वर्षाला १० लिटर, म्हणजे ४,५०० रुपये. इंजिनाचं काम समजा ४५ हजारांचं असेल, तर तेवढ्या पैशांत दहा वर्षांचं ऑइल येतं. गाडी तरी तेवढी टिकणार आहे का? अशा वेळी वर ऑइल टाकत चालवणं हाच शहाणपणा.

पण तीच गाडी ३०० किलोमीटरला लिटर खात असेल, तर वर्षाला ३३ लिटर, म्हणजे जवळपास १५ हजार रुपये. तीन वर्षांत कामाचे पैसे ऑइलमध्येच जातात. सोलापूर-पुणे अंतर अडीचशे किलोमीटर. म्हणजे पुण्याला जाऊन यायचं तरी दीड लिटरच्या पुढं ऑइल लागणार. इथं काम काढलेलं बरं.

निभावून न्यायचं ठरवलं तर

* दर ३०० किलोमीटरला किंवा आठवड्यातून एकदा, जे आधी येईल तेव्हा डिपस्टिक बघा. लांबच्या प्रवासाआधी तर बघाच.
* गाडीत सीलबंद एक लिटर ऑइल, छोटं नरसाळं आणि फडकं कायम ठेवा.
* ऑइल पुस्तिकेतल्या ग्रेडचंच टाका. १०डब्ल्यू-३० चालणाऱ्या जुन्या गाडीला पुस्तिका परवानगी देत असेल तर उन्हाळ्यात १५डब्ल्यू-४० टाकून खप थोडा कमी होतो का बघा. बीएस-६ डिझेलला हा प्रयोग नको. तिच्या सायलेन्सरमधल्या फिल्टरसाठी कमी राखेचं ठरावीक ऑइल लागतं.
* "एवीतेवी जळणारच आहे" म्हणून काढलेलं काळं ऑइल पुन्हा टाकू नका. त्यातली घाण बेअरिंगमध्ये जाते.
* वरच्या खुणेच्या पुढं भरू नका. जादा ऑइल क्रँकमध्ये घुसळून फेस होतो. डिझेल इंजिनात ते हवेच्या वाटेनं आत गेलं तर चावी काढूनही इंजिन पळत राहू शकतं. तसं झालं तर ब्रेक दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडा आणि इंजिन बंद पाडा.
* वर टाकत राहिलो म्हणून ऑइल आणि फिल्टर बदलणं चुकवू नका. खाली बसलेली घाण तशीच असते.
* पातळी आपोआप वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. डिझेल किंवा पाणी ऑइलमध्ये मिसळतंय. गाडी थांबवा, गॅरेज गाठा.

आणि लाल दिवा. तो ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. दिवा लागला म्हणजे बेअरिंगला ऑइल पोहोचत नाही. कॅमशाफ्ट तर इंजिनाच्या वरच्या टोकाला असतो, तिथं ऑइल चढायला दाबच लागतो. जगभरातल्या गाड्यांसाठी कॅमशाफ्ट बनवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी आपल्या सोलापूरचीच. पण कारखान्यात कितीही बारकाईनं घासून-पुसून बनवलेला कॅमशाफ्ट असला, तरी ऑइलशिवाय तो टिकत नाही. दिवा लागला की पुढचं गाव नाही, पुढचा पेट्रोल पंपही नाही. गाडी बाजूला घ्या आणि इंजिन तिथंच बंद करा.

पीयूसीचं काय?

ऑइल जाळणारी गाडी फक्त मालकाचा खिसा जाळत नाही. मागं दुचाकीवर लेकरू घेऊन येणाऱ्याच्या छातीत तो धूर जातो. पेट्रोल गाडीत ऑइलच्या राखेनं प्लग आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, आणि कन्व्हर्टर स्वस्तात येत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाचे निकष मोडल्यास कलम १९० (२) प्रमाणं पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खासगी गाडीला १५ वर्षांनी पुनर्नोंदणीसाठी आरटीओची तपासणी असते, तिथंही धूर लपत नाही. तेव्हा साधा नियम ठेवा : गाडी पीयूसीत प्रामाणिकपणे पास होत नसेल, तर निभावून न्यायचे दिवस संपले.

काम काढायचं ठरलं तर

स्वस्तापासून सुरुवात करा. आधी ब्रीदर आणि गळती, मग व्हॉल्व्ह सील. अनेक इंजिनांत हेड न उतरवताही सील बदलता येतात. त्यानंतर रिंगा. सिलिंडर लंबगोल झालं असेल तर नुसत्या नव्या रिंगा टाकून उपयोग नाही, बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन लागतात. सिलिंडरचं माप घेतल्याशिवाय कुणी 'फक्त रिंगा बदलू' म्हणालं तर विचारा, माप किती आलं? जुने पार्ट परत मागून घ्या.

आज संध्याकाळी गाडी अंगणात लावल्यावर दहा मिनिटं थांबा, बॉनेट उघडा आणि डिपस्टिक बघा. आकडा वहीत लिहा. घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला वही कुठं ठेवलीय ते सांगा. दवाखान्याला निघायची वेळ सांगून येत नाही.