दूर बसलेला मिस्त्री

गोंदिया हे तांदळाच्या गिरण्यांचे गाव. या गिरण्यांतून आता सॉर्टेक्स म्हणून ओळखले जाणारे यंत्र दिसते. ते कॅमेऱ्याने दाणा न् दाणा पाहते व काळा दाणा वाऱ्याच्या झोताने बाहेर फेकते. ते बिघडले म्हणजे परगावचा मिस्त्री येईतो काम बंद. हमालाची मजुरी पोत्यावर, तेव्हा त्याची चूलही बंद.

गेल्या हंगामात एका गिरणीत आम्ही समक्ष पाहिले. काळे दाणे चांगल्या तांदळात उतरू लागले होते. यंत्र इंटरनेटला जोडलेले. शेकडो कोसांवरच्या तंत्रज्ञाने यंत्राच्या पडद्यावरचे आकडे आपल्यापुढे आणून तपासले. ते बरोबर निघाले! मग त्याने मोबाइलचा कॅमेरा काचेकडे धरावयास सांगितले. काचेवर कोंड्याची धूळ. आमच्या ऑपरेटरने ती पुसली, हवेचा दाब पाहिला, आणि तासाभरात यंत्र सुरू झाले. तंत्रज्ञ बोले हिंदी, आमचा गडी पोवारी. पण कॅमेऱ्यामुळे बोट दाखवून भागले. दुरुस्तीचे बिल मात्र कंपनीचे. धूळ पुसणाऱ्या हाताचे मोल कोणी लावले नाही, हे आपले जाता जाता सांगितले.

दुसरी रीत लेखी संवादाची, जिला चॅट म्हणतात. आपण अडचण टंकावी, पलीकडून उत्तर यावे. पहिली उत्तरे पुष्कळदा यंत्रच देते. माणूस मागावा लागतो. तो माणूसही एकाच वेळी तीनचार गिऱ्हाइकांशी बोलत असतो आणि किती तक्रारी मिटवल्या यावर त्याचे काम मोजले जाते. तेव्हा उत्तराला उशीर झाला तर त्याच्यावर ओरडू नये. यंत्राचा नमुना, पडद्यावरची चूक, आधी काय करून पाहिले, हे एकदमच लिहावे. त्याचा व आपला वेळ वाचतो.

तिसऱ्या रीतीत आपला पडदाच दुसऱ्याच्या हाती द्यावयाचा. सोयीची खरी, पण घराची किल्ली देण्यासारखी. एनीडेस्कसारख्या साधनातला नऊ आकडी क्रमांक मागून लोकांची खाती रिकामी केली जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०१९ सालीच दिला होता. आमच्या एका विडी कामगार भगिनीने मदतीचा नंबर इंटरनेटवर शोधला, तो ठगाचा निघाला. साठवलेली मजुरी गेली. अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. पैसा पुढे सरकण्यापूर्वी गोठवता आला तरच परत मिळण्याची आशा.

तेव्हापासून युनियनच्या कचेरीत आम्ही भिंतीवर मोठ्या अक्षरांत नंबर लिहून ठेवले आहेत: बँकेचे पासबुकावरून उतरलेले, यंत्रांचे त्यांच्या पत्र्यावरच्या पाटीवरून.